फोटोला जेपेग, पाटीला पीएनजी

समजा, येवल्यातल्या एका पैठणी विणकराने आपल्या दुकानाची वेबसाइट करायला घेतली आहे. त्याच्याकडे चार प्रकारची चित्रं आहेत. साड्यांचे फोटो आहेत, दुकानाच्या पाटीवरचं सुबक नाव आहे, मोराचं बोधचिन्ह आहे आणि मागावर धोटा कसा पळतो हे दाखवणारं काही सेकंदांचं हलतं चित्र आहे. वेबसाइट करून देणारा विचारतो, "फाइली कशात देऊ? जेपेग, पीएनजी, वेबपी, एसव्हीजी?" विणकर म्हणतो, "काय बरं दिसेल ते द्या." बहुतेक ठिकाणी हा विषय तिथेच संपतो. पण या चार-पाच नावांच्या मागे माणसाच्या डोळ्याचा अभ्यास आहे, अनेक दशकांचं गणित आहे आणि बंगळुरूत जन्मलेल्या एका माणसाची जिद्दही आहे. ते एकदा कळलं की कोणतं चित्र कशात द्यायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. कॉम्प्युटरच्या लेखी कोणतंही चित्र म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना आपण पिक्सेल म्हणतो. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. एवढ्यावर १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग तयार होतात. मोबाइलवर काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल, तर एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल झाले आणि प्रत्येकाचे तीन बाइट धरले की ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. प्रत्यक्षात तीच फाइल फोनमध्ये तीन-चार एमबीची दिसते. दहातले नऊ हिस्से गायब झाले आणि साडी मात्र जशीच्या तशी दिसते आहे!

ही किमया दोन प्रश्नांच्या जोरावर होते. चित्रात काय पुन्हा पुन्हा येतं? ते एकदाच लिहावं. आणि डोळ्याला काय दिसतच नाही? ते लिहूच नये. पहिल्या वाटेने गेलं तर चित्रातला एकही पिक्सेल बदलत नाही, उघडल्यावर मूळ चित्र तंतोतंत परत मिळतं. दुसऱ्या वाटेने गेलं तर थोडं कायमचं हरवतं, पण फाइल कितीतरी लहान होते. पीएनजी पहिल्या वाटेचा, जेपेग मुख्यतः दुसऱ्या.

डोळ्याला काय चालतं

जेपेग हे नाव ज्या समितीवरून पडलं, ती तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिने ठरवलेलं मानक १९९२ मध्ये आलं. या मानकाने डोळ्याची दुर्बलता नेमकी हेरली. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्याला चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही. म्हणून जेपेग लाल-हिरवा-निळा हा हिशेब मोडून नवा मांडतो. त्यात एक आकडा उजेडाचा आणि दोन आकडे रंगाचे. उजेडाचा आकडा काढताना हिरव्याला ०.५८७, लालला ०.२९९ आणि निळ्याला फक्त ०.११४ इतकं वजन मिळतं, कारण आपल्या डोळ्याला उजेड याच प्रमाणात जाणवतो. मग बहुतेक वेळा शेजारच्या चार पिक्सेलांचा उजेड वेगवेगळा ठेवतात, पण रंग चौघांत मिळून एकच. चार पिक्सेलांना आधी बारा आकडे लागत होते, आता चार उजेडाचे आणि दोन रंगाचे असे सहाच लागतात. खऱ्या कामाला अजून हात घातलेला नाही आणि फाइल निम्मी झाली, तरी पाहणाऱ्याला पत्ता नाही.

खरं काम यापुढे आहे. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे छोटे चौकोन पाडतात. आपल्या फोटोत असे १ लाख ८७ हजार ५०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात उजेडाचे ६४ आकडे असतात. आता ६४ ठरावीक नक्ष्या डोळ्यासमोर आणा. पहिली नक्षी सपाट, एकाच छटेची. पुढची डावीकडून उजवीकडे सावकाश गडद होत जाणारी. त्यापुढच्या नक्ष्यांत पट्टे वाढत जातात, बारीक होत जातात आणि शेवटची जवळजवळ बुद्धिबळाच्या पटासारखी होते. गणित असं सांगतं की जगातल्या कोणत्याही चित्राचा आठ बाय आठचा कोणताही तुकडा या ६४ नक्ष्या कमी-अधिक प्रमाणात एकत्र केल्या की तंतोतंत उभा राहतो. पदरावरचा मोर असो, आजीचा चेहरा असो की ढगाळ आभाळ, नक्ष्या त्याच, फक्त प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. मला हे वाचून-समजून बराच काळ झाला, तरी त्यातलं नवल ओसरलेलं नाही.

या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म म्हणतात आणि ते मांडलं नासिर अहमद यांनी. त्यांचा जन्म १९४० चा, बंगळुरूचा. तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते अमेरिकेत गेले. कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. अहमद थांबले नाहीत. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी, अशा तिघांच्या नावाने जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, अवघ्या काही पानांचा. आज जगभर रोज काढले जाणारे जेपेग फोटो आणि मोबाइलवर पाहिले जाणारे व्हिडिओ याच गणितावर किंवा त्याच्या जवळच्या भावंडांवर चालतात. ज्या कल्पनेला निधी मिळाला नाही, तिच्यावर आज अब्जावधी लोकांचं पाहणं उभं आहे.

नक्ष्यांच्या या हिशेबात काहीही हरवलेलं नाही, ६४ आकड्यांच्या जागी ६४ प्रमाणं आली इतकंच. हरवतं ते पुढच्या पायरीला. प्रत्येक प्रमाणाला एका ठरावीक आकड्याने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या कोष्टकात पहिल्या, सपाट नक्षीचा भाजक १६ आहे आणि शेवटच्या, सर्वांत बारीक नक्षीचा ९९. समजा सपाट नक्षीचं प्रमाण ३२५ आलं. १६ ने भागून २० उरतात आणि फाइल उघडताना २० गुणिले १६ म्हणजे ३२० मिळतात. ३२५ च्या जागी ३२०, कुणाच्या लक्षात येणार? बारीक नक्षीचं प्रमाण ४५ असेल, तर ९९ ने भागून ०.४५, म्हणजे शून्य. ती नक्षी त्या चौकोनातून कायमची गेली. डोळ्याला जे ठळक दिसतं ते जवळजवळ शाबूत राहतं आणि जे दिसायला कठीण ते शून्य होतं. मग शून्यांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि त्या लिहायला अगदी थोडी जागा पुरते.

जतन करताना आपण ‘क्वालिटी’ची जी पट्टी सरकवतो, तिने हेच भाजक लहान-मोठे होतात. ८० म्हणजे ८० टक्के दर्जा, असा त्याचा अर्थ नाही आणि दोन सॉफ्टवेअरमधलं ८० एकसारखं असतंच असंही नाही. म्हणून आकड्यापेक्षा आपल्या डोळ्यावर भरवसा ठेवावा.

पैठणीच्या फोटोत नेमकी कुठे नजर ठेवायची, तेही यावरून कळतं. साडीचा सपाट अंगभाग जेपेगला सोपा. जरीचा पदर मात्र बारीक, चमकत्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या रेषांचा, म्हणजे ज्यांचे भाजक मोठे त्याच नक्ष्यांचा. दर्जा फार उतरवला की सर्वांत आधी जर मळकट दिसू लागते. आणि गडद लाल अंगाला हिरवा काठ जिथे भिडतो, तिथे रंग चौघांत वाटून घेतल्यामुळे सीमेवर लाल-हिरवं पाणी फिरल्यासारखं दिसू शकतं. अशा जवळून काढलेल्या फोटोला दर्जा थोडा वर ठेवावा आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर रंगाची ही वाटणी बंद करावी. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते याच जरीसाठी आणि याच काठासाठी.

काना, शिरोरेघ आणि पीएनजी

आता दुकानाच्या पाटीकडे येऊ. पांढऱ्यावर काळी अक्षरं, कडा धारदार. इथे जेपेगची चाल फसते. काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी मारायची तर सगळ्या नक्ष्या लागतात, बारकातल्या बारीकही. त्या शून्य झाल्या की उरलेल्या नक्ष्यांच्या लाटा एकमेकींना पुरत्या मिटवू शकत नाहीत आणि अक्षरांभोवती करड्या धुळीचे कण साचतात. देवनागरीत हे जास्तच जाचतं. लहान आकारातला अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांचा असतो. धुळीतून तो वेगळा काढणं कठीण.

पीएनजी हीच पाटी कशी वाचतो, ते फार सुंदर आहे. तो चित्राची एकेक आडवी ओळ घेतो आणि पिक्सेलचा आकडा तसाच लिहिण्याऐवजी शेजाऱ्याशी असलेला फरक लिहू शकतो. शेजारी डावीकडचा असेल, वरचा असेल किंवा दोन्हींची सरासरी असेल. ॲलन पेथ यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत डावीकडचा, वरचा आणि तिरका असे तीन शेजारी पाहून त्यातला सर्वांत योग्य निवडते. आता ‘मोर’ हा शब्द घ्या. शिरोरेघेची ओळ चालू आहे. प्रत्येक पिक्सेल डावीकडच्यासारखाच काळा, फरक शून्य, शून्य, शून्य. शिरोरेघ संपली आणि आपण कान्यावरून खाली उतरतो आहोत. कान्याचा प्रत्येक पिक्सेल वरच्यासारखाच, पुन्हा शून्यच शून्य. जिथे वळण आहे तिथेच फरक निघतो. आपल्या लिपीची उभी-आडवी बांधणी या पद्धतीला अशी काही मानवते की शून्यांचा पाऊस पडतो.

त्या शून्यांवर मग दोन जुनी तंत्रं चालतात. पहिलं १९७७ चं, अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांचं. हाच तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो परत लिहू नका, ‘इतकं मागे जा आणि इतकं उचला’ एवढंच सांगा. दुसरं डेव्हिड हफमन यांचं. ते एमआयटीत शिकत असताना रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी वर्गाला पर्याय दिला होता की अंतिम परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. हफमन यांनी निबंध निवडला आणि वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब संकेत देण्याची सर्वोत्तम रीत शोधून काढली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. जेपेगही शेवटी हीच रीत वापरतो. परीक्षेऐवजी लिहिलेला एक निबंध आज प्रत्येक मोबाइलमध्ये काम करतो आहे.

पीएनजीचा आणखी एक गुण म्हणजे पारदर्शकता. प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक हे तो २५६ पायऱ्यांत सांगू शकतो. म्हणून पाटीचं नाव कोणत्याही रंगाच्या पार्श्वभूमीवर ठेवलं तरी कडेला पांढरी किनार दिसत नाही.

फोटो मात्र पीएनजीत देऊ नये. फोटोत शेजारचे दोन पिक्सेल क्वचितच हुबेहूब सारखे असतात, शून्यांच्या रांगा लागत नाहीत आणि फाइल जेपेगच्या कितीतरी पट फुगते. ‘पीएनजी दर्जेदार असतो’ म्हणून सगळी साइट त्यात चढवली, तर पाहणाऱ्याचा डेटा खर्च होतो, फोटो काही अधिक सुंदर दिसत नाही.

एका पेटंटमधून जन्मलेला फॉरमॅट

पीएनजी मुळात जन्मला तो एका वादातून. त्याआधी वेबवर जिफचं राज्य होतं. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने तो १९८७ मध्ये केला. त्यात एका वेळी २५६ रंगच मावतात, पण तेव्हाच्या पडद्यांना तेवढे पुरेसे होते. त्याच्या आत लेंपेल आणि झिव यांच्याच कल्पनेवर टेरी वेल्च यांनी बेतलेली रीत होती आणि तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. डिसेंबर १९९४ च्या अखेरीस जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला परवाना-शुल्क द्यावं लागेल असं जाहीर झालं. एकच गहजब झाला. आठवडाभरातच, जानेवारी १९९५ च्या सुरुवातीला, थॉमस बुटेल यांनी नव्या, मुक्त फॉरमॅटचा मसुदा इंटरनेटवर ठेवला. जगभरातले लोक सुधारणा सुचवत गेले आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी पीएनजी वेबचं अधिकृत मानक झालं. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, तोवर पीएनजीने आपली जागा पक्की केली होती.

जिफ आज उरला आहे तो हलत्या चित्रांपुरता. धोट्याच्या त्या छोट्या चित्रालाही तो लागत नाही. जिफला रंग २५६ आणि एका चित्रातून पुढच्या चित्रात काय सरकलं याचं गणित त्याला येत नाही. व्हिडिओला ते येतं. म्हणून तेच दृश्य आवाज बंद ठेवलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या एमपी४ मध्ये द्यावं. फाइल बरीच लहान आणि रंग पुरे.

चित्र नव्हे, चित्राची कृती

मोराच्या बोधचिन्हासाठी वाटच निराळी. रांगोळीच्या पुस्तकात ‘ठिपके ११, ओळी ११’ असं देऊन कोणता ठिपका कोणाला जोडायचा ते दाखवलेलं असतं. तेवढ्यावर ती रांगोळी पाटावरही निघते आणि अख्ख्या अंगणभरही. एसव्हीजी हा फॉरमॅट असाच आहे. त्यात पिक्सेल साठवलेले नसतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढ, आत मोरपंखी भर, अशा सूचना असतात आणि त्याही साध्या मजकुरात लिहिलेल्या. फाइल कोणत्याही नोंदवहीच्या ॲपमध्ये उघडून वाचता येते. पडदा घड्याळाचा असो की भिंतीएवढा, ब्राउझर दरवेळी चित्र नव्याने काढतो, म्हणून कडा कधीच फाटत नाही. २००१ मध्ये त्याला मानकाचा दर्जा मिळाला. बोधचिन्ह, खुणा, नकाशा, आलेख यांच्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. फोटो मात्र रेषांत मावत नाही, तिथे एसव्हीजीचा उपयोग नाही.

व्हिडिओच्या घरून आलेले दोन पाहुणे

जेपेगला बरीच वर्षं उलटल्यावर फोटोसाठी नवे फॉरमॅट रुजले, तेही व्हिडिओच्या घरातून. व्हिडिओ म्हणजे चित्रांची मालिका, तेव्हा तिच्यातलं एक चित्र आटोपशीर बांधण्याचं कसब जे व्हिडिओवाल्यांनी कमावलं, तेच फोटोला लावलं. गूगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी हा व्हीपी८ या व्हिडिओ-तंत्रावर बेतला आहे आणि एव्हीआयएफ हा २०१९ चा फॉरमॅट एव्ही१ वर. जेपेग प्रत्येक चौकोन जवळजवळ एकटा हाताळतो. हे दोघे शेजारचे चौकोन पाहून पुढच्याचा अंदाज बांधतात आणि अंदाज जितका चुकला तितकंच लिहितात. गूगलच्या स्वतःच्या चाचण्यांनुसार वेबपी फाइल तोलामोलाच्या जेपेगपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होते. एव्हीआयएफ बहुधा त्याहून लहान जाते, मात्र ती तयार करायला कॉम्प्युटरला जास्त वेळ लागतो. दोघांनाही पारदर्शकता येते.

पण एक अडचण ध्यानात ठेवावी. साधा वेबपी रंगाची ती चौघांतली वाटणी बंद करूच देत नाही, त्यामुळे लाल-हिरव्या काठासाठी एव्हीआयएफ किंवा काळजीपूर्वक केलेला जेपेग बरा. आणि एव्हीआयएफ फार दाबला की जेपेगसारखे चौकोन दिसत नाहीत, पोत गुळगुळीत होतो. विणीचा खरखरीतपणा पुसला जातो आणि साडी यंत्रावरची वाटू लागते. हातमागाच्या मालाला हे परवडणारं नाही.

सफारी ब्राउझरने वेबपी २०२० मध्ये आणि एव्हीआयएफ २०२२ मध्ये स्वीकारल्यापासून आजच्या बहुतेक फोनवर दोन्ही चालतात. जुन्या फोनसाठी एचटीएमएलमध्ये ‘पिक्चर’ टॅगची सोय आहे. आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी जेपेग असा क्रम लिहून ठेवला की ब्राउझर आपल्याला झेपेल तो पहिला उचलतो आणि बाकीचे उतरवतच नाही.

निवड कशी करावी

या सगळ्याचं सार एका प्रश्नात आहे. या चित्रात आहे तरी काय? उजेड आणि पोत असेल, तर जेपेग किंवा त्याचे नवे वारसदार. धारदार कडा, सपाट रंग, पडद्याचा स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी. रेषांनी काढता येण्यासारखं असेल तर एसव्हीजी. हालचाल असेल तर व्हिडिओ. आणि नुसती अक्षरं असतील तर चित्र करूच नका, सरळ युनिकोड मराठीत मजकूर लिहा. तो शोधात सापडतो, अंध वाचकाचं सॉफ्टवेअर तो वाचून दाखवू शकतं आणि अख्खं पान मजकूर काही केबींत मावतो. पाटीवरचं खास वळणाचं अक्षर जपायचंच असेल तर तेवढंच चित्र ठेवा आणि त्याला पर्यायी मजकूर जोडा.

फॉरमॅटच्याही आधी आकार पाहा. पानावर फोटो १२०० पिक्सेल रुंदच दिसणार असेल, तर ४००० पिक्सेलचा चढवू नका. रुंदी १२०० वर आणली की पिक्सेल अकरा पटींनी घटतात, इतकी बचत कोणताही नवा फॉरमॅट एकट्याने देणार नाही. आयफोनवरचे फोटो २०१७ पासून बहुधा एचइआयसी प्रकारात जतन होतात आणि बरेच ब्राउझर ते दाखवत नाहीत, ते आधी बदलून घ्या. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर वाटेत ते पुन्हा दाबले जातात. जेपेग उघडून, बदलून, पुन्हा जतन केला की प्रत्येक वेळी थोडं आणखी हरवतं आणि हरवलेलं परत आणण्याची युक्ती कुणाकडेच नाही.

म्हणून मूळ फोटो, कॅमेऱ्यातून निघाला तसा, वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि वेबसाइटसाठी दरवेळी त्याच्यापासूनच नवी प्रत काढा. मग ती प्रत पूर्ण आकारात उघडून, जरीपाशी नजर नेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. हे सगळं गणित शेवटी माणसाच्या डोळ्यासाठीच रचलेलं आहे, तेव्हा शेवटचा कौलही त्याचाच घ्या.